आदर्श खोलीत बाळंत होण्यास मनाई

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. कोण किती ठीक आहे ते पुढे येईलच. तुझं पित्त कसं आहे? सकाळी कोमट पाणी पितोस, की अजून मीटिंगमधल्या चहावरच दिवस काढतोस? भावजयबाईंचा गुडघा काय म्हणतो? (त्यांना म्हणावं, जिना चढताना आधी चांगला पाय टाकायचा आणि उतरताना आधी दुखरा. हे मी गेल्या खेपेलाही सांगितलं होतं, पण त्यांचा विश्वास त्या महागड्या पट्ट्यावर जास्त.) मुलांना माझा पापा. मोठी आता पापा घेऊ देत नाही हे ठाऊक आहे, तिला लांबूनच विचारलंय म्हणून सांग.

पेपरात तुझा फोटो पाहिला. मंत्र्यांच्या मागच्या रांगेत उभा आहेस, तुझा फक्त एक कान आणि थोडा भांग दिसतोय. पण कान बाबांचा असल्यामुळे मी लगेच ओळखला. खाली बातमी होती, की येत्या काही वर्षांत या देशात एकही बाई बाळंतपणात दगावणार नाही असं राष्ट्रीय उद्दिष्ट ठरलं आहे, आणि त्याचा मसुदा तुमच्या विभागानं केला आहे. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून पदराआड नाही, चांगली उघड रडले. आमच्या शिपाईमामांनी जवळ येऊन हळूच विचारलं, की घरी काही वाईट झालंय का. मी म्हटलं, नाही मामा, चांगलं होणार आहे. ते म्हणाले, मग ठीक, आणि घंटा वाजवायला गेले.

तर धाकट्या, आता हे पत्र जरा बसून वाच, कारण तुझं ते वाक्य तुझ्या टेबलावरून निघून आमच्या दारात पोचेपर्यंत त्याचं काय झालं, हे तुला कोणीही सांगितलेलं नसणार. तिथून ते 'एकही बाई दगावू नये' असं निघालं. मधल्या कचेरीत आलं तेव्हा 'प्रत्येक बाळंतपण दवाखान्यातच' असं झालं. त्याच्या खालच्या कचेरीत 'प्रत्येक दवाखान्यात बाळंतपणाची चांगली खोली' झालं. आणि जिल्ह्याला पोचलं तेव्हा 'चांगल्या खोल्यांची स्पर्धा' झालं. म्हणजे बाईला वाटेत कुठेतरी गाडीतून उतरवलं, आणि खोली तेवढी आमच्यापर्यंत सुखरूप आली.

स्पर्धेला बक्षीस काय, तर एक जनरेटर आणि एक जादा नर्स. पुन्हा वाच. ज्या दवाखान्यात सगळं आधीपासून झकास आहे, त्याला जनरेटर मिळणार, आणि जिथे मी एका हातात टॉर्च धरून दुसऱ्या हातानं टाके घालते, तिथे काही मिळणार नाही, कारण तिथे उजेड कमी पडतो म्हणून गुणही कमी पडणार. हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते मी विचारत नाही. तुझ्या निघालं असेल तर मला कळवूही नकोस, माझं ब्लडप्रेशर सध्या जेमतेम जागेवर आहे.

आमच्या डॉक्टरांना आम्ही मागे 'पॉलिश' म्हणतो. (बुटांमुळे. धुळीच्या रस्त्यानं येऊनही त्यांच्या बुटात तोंड दिसतं. हे कसं साधतात यावर ड्रायव्हर आणि शिपाईमामा यांच्यात कायमचा वाद आहे.) वय तुझ्याहून बरंच कमी, बोलणं मऊ, हस्ताक्षर चक्क वाचता येतं. आल्यापासून त्यांनी जनरेटरसाठी इतक्या वेळा वर लिहिलं, की वरून शेवटी त्यांना 'पत्रव्यवहार टाळावा' असं पत्र आलं. त्यामुळे ही स्पर्धा जाहीर झाली तेव्हा हा मनुष्य पेटून उठला. त्यांनी स्वतः उभं राहून खोलीला पांढऱ्या फरशा बसवून घेतल्या, गुलाबी पडदे शिवून आणले, कोपऱ्यात प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. टेबल नवं, गादी नवी, दिवा नवा. भिंतीवर आई आणि बाळाचं चित्र काढायला पेंटरला बोलावलं. त्याचा हात ट्रकवर बसलेला, त्यामुळे आमच्या भिंतीवरची आई बाळाकडे अशी बघते, की मागून कोणी ओव्हरटेक केलं तर खाऊन टाकेल. पण एकूण खोली इतकी सुंदर झाली, की मी आत जाऊन नुसती उभी राहिले. वाटलं, आपण इतकी वर्षं ज्या बायकांना फुटक्या फरशीवर, गळक्या नळाशेजारी मोकळं केलं, त्या सगळ्यांना एकदा इथे आणून निजवावं.

दुसऱ्या दिवशी पॉलिशनी त्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

मला वाटलं, फरशीचं सिमेंट सुकायचं असेल. तर नाही. आम्हा सगळ्यांना बोलावून त्यांनी समजावलं, की तपासणी होईपर्यंत खोली अशीच राहिली पाहिजे. फरशीवर डाग नको, गादीवर सुरकुती नको, हवेत वास नको. मी विचारलं, मग बायकांनी काय करायचं, तपासणी होईपर्यंत थांबायचं? ते मऊ आवाजात म्हणाले, थोडे दिवस ड्रेसिंगच्या खोलीत सांभाळून घ्या, सिस्टर. मी राग आला की आधी हात धुते, ही माझी जुनी सवय तुला माहीत आहे. त्या दिवसांत माझ्या हातांइतके स्वच्छ हात साऱ्या आरोग्य खात्यात नसतील.

'थोडे दिवस' म्हणजे किती, हे पुढे कळलं. तपासणी एकदा पुढे गेली कारण तपासनीसांची गाडी तपासायला गेली होती. एकदा गेली कारण तपासणीचा तक्ताच बदलला. आणि एकदा का गेली ते जिल्ह्यालाही माहीत नव्हतं, पण 'तयारीत राहावे' असा निरोप मात्र दर वेळी न चुकता यायचा. आम्ही तयारीत राहिलो. बायका ड्रेसिंगच्या खोलीत राहिल्या. ती खोली तू पाहिलेली नाहीस. एक पडदा, त्याच्या एका बाजूला जगातली सगळी गळवं, भाजलेलं, कापलेलं, आणि दुसऱ्या बाजूला मी. एकदा इकडे बाळंतपण चालू होतं आणि पलीकडे एका गृहस्थांच्या टाचेतला खिळा काढणं चालू होतं. दोघंही ओरडत होते. शेवटी खिळा आणि बाळ एकाच दमात बाहेर आले, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याला बराच वेळ कळेना, की आतून 'निघाला बाई एकदाचा' हे जे ऐकू आलं ते कशाबद्दल. (मुलगी होती. गोड होती.) जंतू कुठल्या बाजूनं कुठे जात असतील याचा विचार मी करत नसे, कारण केला असता तर मला झोप लागली नसती. केला नाही तरी लागत नव्हतीच.

हे कमी होतं म्हणून एक दिवस पॉलिशनी खोली झटकायला कुलूप उघडलं, तर नव्या गादीवर, गुलाबी पडद्याच्या उबेत, दवाखान्यामागची करडी मांजर पिल्लांना पाजत पडलेली. खिडकीची फट तिनं शोधून काढली होती. आदर्श खोलीतलं ते पहिलं बाळंतपण. सुखरूप झालं, आई आणि चारही पिल्लं उत्तम. शिपाईमामा म्हणाले, आकडा वर पाठवायचा का? पॉलिश हसले नाहीत. त्यांनी गादी धुवायला दिली, मांजरीला पिल्लांसकट खोक्यात घालून ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं (म्हणजे तिथेही मीच), आणि खिडकीला खिळे ठोकले. हे मी तुला गंमत म्हणून सांगतेय, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. एका मांजरीला जे मिळालं ते मिळवायला बायकांनी खिडकीतून शिरायचं का, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

आता जिच्यासाठी हे पत्र इतकं लांबलं तिच्याबद्दल. कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे, तिथली बाई. अंगानं इतकी बारीक, की सगळे तिला चिमणी म्हणतात. पण कोळशाची ती अवजड इस्त्री एका हातानं फिरवते. तिचं पहिलं मूल गेलं. आमच्याकडे तेव्हा खोलीत पाणी नव्हतं म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवली, आणि अर्धवट पुलाच्या अलीकडे गाडी अडकली. गाडीतच मूल झालं आणि गाडीतच गेलं. तीही जाता जाता राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझा गणवेश इस्त्री करून देताना माझ्याकडे बघत नसे. आणि एक दिवस आपणहून आली, म्हणाली, पुन्हा दिवस गेलेत. मी तिचा हात धरला आणि शब्द दिला, की या वेळी इथेच, टेबलावर, दिव्याखाली, आणि मी समोर. शब्द देताना माझ्याजवळ ना टेबल होतं ना दिवा. मग ही खोली झाली. तपासायला आली की चिमणी दाराच्या काचेला नाक लावून आत बघायची. एकदा मला म्हणाली, "ही माझी ना, ताई?" मी म्हटलं, तुझीच.

त्यानंतर मी पॉलिशशी दोनदा बोलले. एकदा गोडीनं आणि एकदा नाही. दुसऱ्यांदा त्यांनीही आवाज चढवला. म्हणाले, एका बाईसाठी आज खोली उघडीन, मग उद्या दुसरीसाठी, आणि तपासणीला डागाळलेली फरशी दाखवून बक्षीस घालवीन; मग जनरेटर नाही, मग पुढची कितीतरी वर्षं तुम्ही टॉर्च दातात धरा. तिला वेळेआधी मोठ्या दवाखान्यात पाठवा. मी म्हटलं, त्याच रस्त्यानं? धाकट्या, मला चीड कशाची आली सांगू? ते चुकीचं बोलत नव्हते. तुमच्या त्या स्पर्धेच्या हिशेबानं बरोबरच बोलत होते. चांगला माणूस वाईट वागण्याची इतकी नीट कारणं सांगू लागला, की समजावं, वरून काहीतरी आलंय.

अखेर तपासणीचा दिवस उजाडला आणि तो खरोखर तपासणीचाच निघाला. सकाळपासून दवाखान्यात जे जे दिसायला वाईट ते ते उचलून ड्रेसिंगच्या खोलीत कोंबलं. मोडके पलंग, गंजकी बादल्या, फुटके स्टूल, मांजरीचं खोकं. दार लावताना मामांना खांदा द्यावा लागला. अँब्युलन्स धुवून फाटकाशी उभी केली, ड्रायव्हरला नवा शर्ट घातला, आणि सक्त ताकीद दिली की गाडी दाखवायची आहे, जागची हलवायची नाही. पॉलिश हातात पुष्पगुच्छ घेऊन पायरीवर उभे. आणि फाटकातून, नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून, चिमणी आली.

तिला बघताच मला कळलं, की वेळ फार नाही. ड्रेसिंगची खोली दारापर्यंत भरलेली. मी पॉलिशपुढे हात पसरला आणि किल्ली मागितली. सगळ्यांदेखत. ते म्हणाले, अँब्युलन्स घ्या, मी परवानगी देतो, लगेच निघा. ड्रायव्हर बिचारा शर्ट सावरत दार उघडायला धावला. चिमणीनं ते उघडं दार पाहिलं आणि ती पायरीवर खाली बसली. तपासनीसांनी जिथून आत यायचं, बरोबर तिथे. तिचा नवरा तिला उठवायला लागला तर तिनं त्याचा हात झटकला. कळ ओसरेपर्यंत थांबली, आणि मग अगदी साध्या आवाजात, इस्त्रीचे कपडे कधी मिळतील ते सांगावं तशी म्हणाली:

"डॉक्टर, मागच्या वेळी सांगितलंत तशी गाडीत बसले होते. आता नाही बसणार. इथेच होऊ दे काय व्हायचं ते."

मागच्या वेळी हे डॉक्टर नव्हते, दुसरे होते. पॉलिशना ते सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. पुष्पगुच्छ मामांच्या हातात दिला, खिशातून किल्ली काढली, आणि मला न देता स्वतःच जाऊन कुलूप उघडलं.

बाळ पटकन आलं. मुलगी. रडलीसुद्धा लगेच, चांगली खणखणीत. वारही पडली. मी मनातल्या मनात हुश्श करणार तेवढ्यात रक्त सुरू झालं आणि थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, तरी थांबेना. पांढऱ्या फरशीवर रक्त किती लाल दिसतं म्हणून सांगू. आणि नेमके दिवे गेले. (तू म्हणशील, ताई रंगवून सांगते. आमच्याकडे दिवे जाण्यासाठी रंगवावं लागत नाही, रोजच जातात.) खिडकीला खिळे ठोकलेले, पडदे जाड, खोलीत भरदिवसा अंधार. मी हाक मारली आणि वळून पाहते तर पॉलिश आधीच शेजारी. नवा कोट काढून फेकलेला, बाह्या कोपराच्या वर, हातमोजे चढवलेले. एक मूठ आतून आणि दुसरा हात पोटावरून, असं त्यांनी गर्भाशय दाबून धरलं आणि हलले नाहीत. घाम नाकावरून टपकत होता, तरी हलले नाहीत. कोणीतरी दारातून मोबाइलचा उजेड पाडला. मी सलाइन लावत होते, म्हणून ओरडले, की जवळ या, उजेड नीट धरा, भिंतीवर काय पाडताय! उजेड जवळ आला आणि स्थिर झाला. रक्त थांबल्यावरच मी मान वर केली. उजेड धरणाऱ्या बाई तपासणी पथकाच्या प्रमुख होत्या.

चिमणी वाचली. हे आधीच सांगायला हवं होतं का? पण मला ते जितका वेळ माहीत नव्हतं तितका वेळ तुलाही माहीत नको होतं.

तपासनीसबाई वाईट नव्हत्या. बाहेर येऊन बराच वेळ हात धूत बसल्या, चहा घेतला नाही. मग तक्ता काढून खोलीचे गुण भरले. फरशी: अस्वच्छ. गादी: डागाळलेली. उजेड: नाही. हवा खेळती: नाही. खोली तपासणीसाठी मोकळी: नाही. भरता भरता त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, मी आत जे पाहिलं, त्याला यात रकानाच नाही हो." तुझ्या विभागानं छापलेला तक्ता, त्यात तू नाही घातलास तर त्या बाई कुठून आणणार रकाना?

पहिलं बक्षीस टेकडीपलीकडच्या दवाखान्याला गेलं. तिथली खोली आरशासारखी आहे, कारण तिथे वर्षानुवर्षं नर्सच नाही. तिथे जनरेटर पोचला. तो त्या रिकाम्या खोलीला उजेड देतोय. तिथल्या बायका बाळंत व्हायला कुठे येतात, हे वेगळं सांगायला हवं का?

मला राग येतो रे. म्हणजे नुसता येत नाही, येऊन बसलाय, पाहुण्यासारखा, जायचं नाव घेत नाही. तुझं वाक्य चांगलं होतं. मी त्यावर रडले होते. मग त्या वाक्यातली बाई कुठे गेली? तुम्ही तिथे खोल्या मोजता, फरशा मोजता, पडदे मोजता, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती पायरीवर बसलेली असते तर तिला म्हणता, बाजूला हो, तपासणी यायची आहे. एकदा तरी कागद बाजूला ठेवून इथे ये. कळवून येऊ नकोस, नाहीतर तुझ्यासाठीही खोलीला कुलूप लागेल. जेवण साधं मिळेल, तुझ्या पित्ताला बरंच.

तब्येतीला जप. माझ्या बोलण्याचा राग मानू नकोस, आणि मानलास तरी पत्र मोठ्या मुलीला वाचायला दे, ती आता समजण्याइतकी मोठी झाली आहे.

तुझी,
थोरली

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. पॉलिशची बदली झाली आहे. 'तपासणीच्या वेळी खोली सुस्थितीत न ठेवल्याबद्दल' असं कारण दिलंय. त्यांच्या जागी कोणीही येणार नाही, जागा रिकामी ठेवायची आहे. ही बदली थांबव. हो, मला माहीत आहे, वर इतकी पानं मी त्याच माणसाला नावं ठेवली. ती सगळी खरी आहेत, एकही मागे घेत नाही. पण त्याच्या हातांखाली ती बाई जगली, आणि नावं ठेवायलासुद्धा समोर डॉक्टर असावा लागतो. मी कोणाकडे कधी शब्द टाकत नाही हे तुला ठाऊक आहे. हा टाकते.

ता. क. दुसरा. त्यांना न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तर 'पत्रव्यवहार टाळावा' म्हणाले असते.

ता. क. तिसरा. विचार करायला वेळ घेऊ नकोस. शाळेतल्या बाईंच्या बाळंतपणाची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे, पूल अजून अर्धाच आहे. आज तपासलं, जुळी आहेत. आणि डॉक्टर गेले तर मी एकटी.